यवतमाळ-मारेगाव, वाफेची फेरी

दोन वर्षं रोज सकाळी सात वाजता आमचे शेजारी माणिकराव दोरी ओढून दोनदा घंटी वाजवत आणि ओरडत, "चला, यवतमाळ-मारेगाव! मास्तर, दारात उभं राहू नोका. आत या, नाही तं उतरा!" गाडी कुठेच नसे. खाटेवर मांडी घालून माणिकराव, मांडीवर त्यांची नात ओवी, तिच्या तोंडावर मास्क, डोक्यावर आढ्याला टांगलेली घंटी आणि बाजूला घरघरणारं वाफेचं मशीन, एवढाच सगळा जामानिमा.

माणिकराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ओवीला दमा. आईबाप राजूरला, तिथल्या कोळशाच्या धुळीनं पोरगी बेजार व्हायची, म्हणून ती इथे मारेगावला आजोबांजवळ. मुळात दम लागूच नये यासाठी वणीच्या डॉक्टरांनी रोज दोन वेळा वाफेतून घ्यायचं औषध दिलं होतं. मशीन सुरू झालं की माणिकराव थांबे पुकारत. जोडमोहा, मोहदा, रुंझा, करंजी. प्रत्येक थांब्यावर एक गोष्ट. मारेगाव येईतो औषध संपे. मग एक घंटी, ओवीनं चूळ भरायची, तोंड पुसायचं, मास्क धुऊन वाळत घालायचा आणि शेवटी जुन्या तिकिटाच्या पंचनं भिंतीवरच्या कॅलेंडरला भोक. दिवसाला दोन.

मास्क नाकापासून बोटभर लांब धरलेला त्यांना खपत नसे. "गाडीच्या बाजूनं पळून प्रवास होते का?"

"एवढ्याशा लेकराले स्टेरॉईड?" असं गल्लीत कुणी म्हटलं की ते हात पुढे करत. "डॉक्टरकीचा पास हाय? नाही न? मंग उतरा!" मागच्या आवारात एकानं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून धूर केला, तेव्हा हे बादली घेऊनच गेले. पाणी आधी ओतलं, भांडण नंतर केलं.

त्या कॅलेंडरवर नऊ तारखा मात्र बिनभोकाच्या आहेत, आणि त्या माझ्यामुळे आहेत. पोरगी छान खेळते आहे, आता कशाला ते स्टेरॉईड, उंची खुंटेल, असं मीच एकदा ठासून सांगितलं. साऱ्या गल्लीशी भांडणारा माणूस, पण शाळेतला मास्तर बोलतोय म्हणून त्यांनी ऐकलं. मशीन फडक्यात गुंडाळून कपाटावर गेलं. दहाव्या दिवशी दुपारी ओवीला धड बोलता येईना. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडू लागला. तिला घेऊन आम्ही कसंबसं वणी गाठलं.

जीव ठिकाणावर आल्यावर डॉक्टर कडाडले, "उंची मी दर खेपेला मोजतो. औषध कमी करायचं तर तेही मीच सांगणार. न विचारता बंद कुणी केलं?"

मी जमिनीकडे बघत राहिलो. माणिकराव म्हणाले, "म्या केलं."

माझं नाव त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याची अजून लाज वाटते. वर्ष सरलं तरी ते कॅलेंडर त्यांनी उतरवलं नाही. नवं त्याच्या शेजारी टांगलं.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, ओवी आता सहा वर्षांची झाली, दमही आटोक्यात आहे. मशीन ठेवून द्या, तसलंच औषध आता पंपानं नळकांड्यातून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम. माणिकरावांनी गल्लीभर पेढे वाटले. "खा, खा! स्टेरॉईडचे पेढे हायेत!" असं प्रत्येकाला बजावून वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी ऐकू आली नाही, म्हणून मी डोकावलो. ओवीनं पंप घेतला, चूळ भरली, स्वतःच कॅलेंडरला भोक पाडलं आणि पळाली. माणिकराव खाटेवर नेहमीसारखे मांडी घालून बसले होते. स्वच्छ मशीन पुन्हा पुसत होते.

"मास्तर, आता गाडी जोडमोह्यालेच खाली होते," ते म्हणाले. "बरंच झालं म्हना."

तेवढ्यात ओवी परत आली, धपकन त्यांच्या मांडीवर बसली आणि तिनं दोरी दोनदा ओढली.

"आबा, तिकीट तं मारेगावचं हाय न? मंग मले जोडमोह्याले काहून उतरवून राह्यले तुम्ही?"