परशरामआण्णांची जंगलवाट

आमच्या शहापुरातले परशरामआण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी तांब्याभर पाणी मागतात आणि त्यातलं घोटभर जमिनीवर ओततात. मग उकिडवे बसून ते पाणी कुठल्या बाजूला पळतंय ते बघतात. उरलेलं पाणी पितात, तोंड पुसतात आणि निकाल देतात, "मोरीकडं उतारच न्हाय. गवंडी कोण हुता?" नवी फरशी घातलेल्या घरातल्या बायका ते गल्लीत दिसले की दार लोटून घेतात.

चाळीस वर्षं गवंडीकाम करून आण्णा आता घरी बसलेत, म्हणजे स्वतःचं सोडून बाकी सगळ्यांच्या घरी. "माणूस खोटं बोलंल, पानी बोलत न्हाय," हे त्यांचं वेदवाक्य. माझ्या मेहुण्याच्या साखरपुड्यात त्यांनी भटजींना मंत्र म्हणता म्हणता उठवून पाट सरकवायला लावला होता. त्याचा राग मला अजून आहे.

गेल्या वर्षी खानापूरच्या पुढे राखीव जंगलात एक छोटी वाट झाली. पाऊण किलोमीटरची, कुठं पायरी नाही, चाकाची खुर्चीसुद्धा आरामात जाईल अशी. मी ती आण्णांना सांगितली ती शांताआक्कांसाठी. आक्का म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी वाऱ्यानं, म्हणजे अर्धांगवायूनं, त्यांची उजवी बाजू गेली, आणि दवाखाना सोडला तर त्या बाहेर दिसल्याच नाहीत. माहेर खानापूरच्या रानातलं, आणि बाई खिडकीतून समोरची भिंत बघत बसलेली. चारचौघांत यायची त्यांनाच लाज वाटत असणार, असं मी धरून चाललो होतो.

"आधी वाट बघाय पायजे, मास्तर," आण्णा म्हणाले.

रविवारी मी व्हॅन काढली. आण्णांनी आत खुर्ची चढवली आणि मागोमाग सिमेंटचं एक पोतं.

"हे कशाला?"

"आक्का पंचेचाळीस किलो, पोतं पन्नास. वरचं पाच किलो डबा आनि पान्याची बाटली धर."

पोतं घसरू नये म्हणून त्यांनी ते आक्कांच्या जुन्या लुगड्यानं खुर्चीला बांधलं होतं. जंगलाच्या फाटकावरच्या गार्डनं पाठीमागून लुगडं पाहिलं आणि अदबीनं उठून वाट दिली. मग समोरून पाहिलं.

"एनप्पा इदु?" हे काय, असं त्यानं कन्नडात विचारलं.

"सिमेंट री," आण्णा अभिमानानं म्हणाले.

राखीव जंगलात सिमेंट! हे दोघे आत खोली बांधायला निघालेत, अशी त्याची खात्रीच झाली. अर्धा तास मी माझ्या मोडक्या कन्नडात समजूत घालत होतो आणि आण्णा तेवढ्यात त्याच्या चौकीच्या ओट्यावर पाणी ओतून बघत होते. शेवटी कंटाळून त्यानं सोडलं.

असे चार रविवार गेले. पोत्यानं सगळं जंगल पाहिलं. पण आण्णांचं समाधान होईना. एकदा लाकडी साकवाची फळी अर्धं बोट वर होती, एकदा पाचोळा निसरडा होता, आणि ओढ्याकडचा शेवटचा उतार तर दर वेळी "लई हाय" होता. मला तो उतार दिसतसुद्धा नव्हता. चौथ्या रविवारी माझं डोकं फिरलं. घरी आल्यावर आण्णा पोतं उतरवत होते तेवढ्यात मी सरळ आत जाऊन म्हणालो, "आक्का, तुम्ही एकदा हो म्हणा बघू."

"मी कवाच तयार हाय रं," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "भ्यालेत ते."

मग कळलं. खुर्ची आणली त्याच आठवड्यात आण्णा त्यांना देवळात घेऊन गेले होते. तिथला पायऱ्यांशेजारचा उतार आण्णांनीच बांधलेला. येताना त्याच उतारावर त्यांच्या हातातून खुर्ची सुटली आणि आक्का तोंडावर पडल्या.

"कपाळाला दोन टाके पडले. माझी जखम कवाच भरली, त्येंची न्हाय भरली."

बाहेर आण्णा पोत्याचं लुगडं सोडून घडी घालत होते. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या रविवारी आक्का आल्या. वाटेनं जाताना त्यांचं तोंड एक मिनिट बंद नव्हतं. हा किंजळ, तो हिरडा, ह्या झाडाची फळं चोरून खाल्ली म्हणून आईनं बडवलं होतं. आण्णांची नजर मात्र चाकावर. ओढ्याकडचा उतार आला आणि ते थांबले. खुर्चीच्या दांड्यावरच्या दोन्ही मुठी पांढऱ्या पडलेल्या.

"आण्णा, मी धरतो," मी म्हणालो.

"नगं."

पण पाऊल पुढे पडेना. मागून एक कुटुंब आलं, तेही खोळंबलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं उभी करणारा हा माणूस चार हात उतारापुढे रडायच्या बेतात होता.

आक्कांनी मागं वळून पाहिलं नाही. डावा हात तेवढा खांद्यावरून मागे नेला आणि आण्णांच्या मुठीवर ठेवला.

"चला," त्या म्हणाल्या. "पडलो तर दोघं मिळून पडू."

आण्णांनी पाऊल टाकलं, मग दुसरं. उतार संपला, ओढा मागे पडला, सपाट वाट लागली. तरी आक्कांनी हात काढला नाही, आणि आण्णाही काढ म्हणाले नाहीत.