दस्तगीरमियाँची निगराणी

दस्तगीरमियाँ घरात येताना कधी कुणाला दिसले नाहीत. ते आलेले असत. दिवेलागणीला काकू चूल फुंकायला वाकली, की धुरापलीकडून आवाज येई, "आज तूप जरा जास्तच कढलं जी. कावून?"

काकू म्हणे, "यापेक्षा भूत परवडलं. ते निदान अमावास्या बघून येतं."

दोष माझाच. पाटोद्याकडच्या आमच्या जहागिरीत बैलगाडी चालायची मारामार, तिथं मी बग्गी घेतली. रस्ताच नसल्यामुळं ती अंगणातल्या अंगणात फिरे. असल्या शहाणपणानं मी बुडालो. निजाम सरकारनं जहागीर ताब्यात घेऊन माझं कर्ज फेडलं आणि मग ती परत दिली. अट एकच: सरकारचा माणूस अधूनमधून येऊन बघणार. उधळपट्टी दिसली, की जहागीर पुन्हा सरकारकडे, आणि यावेळी कायमची. तो माणूस म्हणजे दस्तगीरमियाँ.

हिशेबाच्या वह्या त्यांनी कधी उघडल्या नाहीत. "वही तुमी लिवता, राव. चुलीचा वास कोन लिवतो?" असं म्हणत ते डोळे मिटून, नाक वर करून खोल्यांतून हिंडत. पावलं वाजत नसत. मधेच भिंतीशी थबकून काहीतरी ऐकत राहत, आणि आम्ही आपले श्वास कोंडून उभे.

अशात मला पुन्हा दुर्बुद्धी सुचली. हैदराबादेहून मी फोनो आणला. चावी दिली की गाणारा, पितळी कर्ण्याचा बाजा. परसात जमिनीखाली धान्य साठवायचं पेव रिकामं पडलं होतं, त्यात तो लपवला. पण बाजा घेऊन ऐकायचा नाही, हे मला कुठलं जमायला! दुपारी घर पेंगलं, की मी शिडीनं आत उतरे.

चार दिवसांत गावभर झालं, रावांच्या परसात जमिनीतून बाई गाते. मी आणखी मीठमसाला लावला. "हडळ आहे, तिकडं फिरकू नका." आता कुणी येत नाही, म्हणून स्वतःवरच खूश झालो.

एका दुपारी बाजा ऐन रंगात असताना वरून दोरीला बांधलेला कंदील खाली आला. पेवात हवा धड आहे का, हे बघायला आधी दिवा सोडतात. त्यामागून दस्तगीरमियाँचा उलटा चेहरा दिसला.

"पेवात बाई ठेवली म्हनं. तिचा खर्च कुठं दावलाय?"

जहागीर गेली, मी मनात म्हटलं. ते उतरले. बाजाकडे बघत उभे राहिले. गाणं संपलं.

"पुन्यांदा लावा."

मी चावी दिली. बाई गाऊ लागली. दस्तगीरमियाँनी टोपी काढली आणि कर्ण्यासमोर तळहात धरला.

"आवाज हाय," ते हळूच म्हणाले, "पन फुंकर न्हाई."

"यंत्र आहे, मियाँ."

"आमच्या घरी बी असंच हाय. बीबी जाऊन लई साल झाले. भिंतीआडून बोलती. हात पुढं केला, का काईच न्हाई. मला वाटायचं, मीच येडा झालो."

गाणं थांबल्यावरही त्यांचा हात तसाच होता.

"रपोटात काय लिहिणार?" अखेर मी विचारलं.

"लिवायसारखं काई न्हाई." त्यांनी टोपी घातली. "हिला वर घरात न्या, राव. हितं लई दमट हाय. गळा बसंल तिचा."