इनासकाकांची चावी

सर्व्हरवर चावी चढवायची वेळ आली की आमचे इनासकाका आधी क्रूसाची खूण करतात आणि मग टेबलावरच्या सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, तसबिरीवर रुमाल टाकतात. "माय, तुझ्यावर भरवसा आहे. पन चावी कोनाला दाखवायची नाय."

आचोळ्यातल्या आमच्या चारजणांच्या ऑफिसात पीएचपीत वेबसाइटचा कोड लिहिणारे ते सगळ्यात जुने. होळी गावात केळीची वाडी, आणि डोक्यात अख्खा सर्व्हर. आम्ही एक वेबसाइट चालवतो. गावातल्या म्हाताऱ्यांनी एक मोठं बटण दाबायचं, की कुवेत-कॅनडातली पोरं व्हिडिओवर हजर. व्हिडिओ पुरवणाऱ्या कंपनीला आमची ओळख पटते ती या गुप्त चावीने. ती कोडात कधी लिहायची नाही, वेगळ्या फाईलमध्ये ठेवायची. महिना झाला की काका "शिळी झाली गो" म्हणत ती बदलतात. जणू काय पावच आहे! आम्ही हसायचो.

त्या रविवारी मी माती खाल्ली. चाचणी करताना चावी थेट पीएचपीच्या फाईलमध्ये चिकटवली आणि ती फाईल सगळ्या जगाला दिसेल अशा जागी चढवली. लक्षात आलं तेव्हा सातला वीस मिनिटं होती आणि सातला पाच घरांच्या मीटिंगा. कुणीही परका त्यांत शिरू शकत होता. मी धावत जाऊन काकांना सांगितलं.

काका ओरडले नाहीत. "मारून टाकू चावी."

"पण काका, पाठवलेल्या लिंका पण मरतील!"

"मरू दे." म्हणताना एकदा घड्याळाकडे पाहिलं मात्र.

मग दोन मिनिटांत जुनी चावी रद्द, नवी जागेवर, एक अक्षर चुकलं नाही. बाई गं, काय ते हात! मी नुसती बघत राहिले.

चार घरांना फोन करून मी नव्या लिंका दिल्या. पाचव्या मीटिंगपुढे फोन नंबरच नव्हता, नुसता ईमेल. ती मीटिंग काकांचीच होती. कॅनडातली मुलगी तीन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती. तिच्या मावशीने मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे आज सातला यायला तयार झाली होती.

"काका, सांगायचं ना! ती येईपर्यंत थांबलो असतो."

"आनि तेवढ्यात दुसऱ्याच्या घरात कोन शिरलं असतं म्हंजे?"

मला रडूच फुटलं. सातला चार मिनिटं उरली होती. काका केव्हाचे ईमेल उघडून बसले होते. लिंक चिकटवलेली, वर कोरी ओळ, आणि बोटं अडलेली. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"'पोरी' लिहू गो, की नाव लिहू?"

"पोरी लिहा," मी म्हटलं.