पुरुष मोठ्या संख्येने उपस्थित होते

मी मयुरी बोरसे, धुळ्याच्या एका दैनिकात वार्ताहर. खान्देशातली पत्रकारिता मी एका ओळीने हलवून टाकली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी माझा विनय शोधत बसणार नाही.

आमच्याकडे कार्यक्रमाची बातमी कशी संपते, तुम्हाला माहीतच आहे. आधी पुरुषांची नावं. इतकी, की लग्नपत्रिकेला न्यूनगंड यावा. मग ‘आदी उपस्थित होते’. आणि सगळ्यात शेवटी, ‘महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.’ बाजार समितीत कापसाची आवक व्हावी तशा!

आवृत्तीप्रमुख तोताराम नानांनी मला वर्षभर रांगोळी, मेंदी आणि पाककला या तीन आघाड्यांवर लढवलं. मला मात्र पहिल्या पानावर, स्वतःच्या नावानिशी बातमी हवी होती.

“नाना, माझं नाव कधी?”

“पहिल्या पानाची बातमी आण, नाव टाकतो. तोवर साक्रीकडे जा. एका गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन आहे. चार ओळी पुरे.”

गेले. मंचावर सगळे फेटे. मधोमध झिपरूभाऊ, गळ्यात इतके हार की आत माणूस आहे हे आवाजावरून कळत होतं.

“सरपंच आपणच का?”

“मीच.”

“कागदावर?”

“कागदवर ती शे,” ते म्हणाले आणि हनुवटीने मांडवामागे दाखवलं.

मांडवामागे ‘ती’, म्हणजे त्यांची बायको, सरपंच धुरपदाबाई, कढईत वांग्याची भाजी घोटत होत्या. शेजारी बाकीच्या बायका बट्ट्या भाजत होत्या. मी वही काढली.

“अक्का, नाव सांगा.”

“कसाले? गावमा चोरी व्हयनी का?” एक म्हातारी म्हणाली.

“पेपरात द्यायचंय.”

“मंग लिख. तानुबाई. आनि हाई बी लिख, बट्ट्या मी भाजेल शेत. नही तं उद्या म्हनतीन, झिपऱ्यानी भाज्यात.”

पुढे मंचावर कुणीतरी ‘गावात गंगा अवतरली’ असं भाषण करत होतं. धुरपदाबाईंनी घोटणी थांबवली.

“गंगा कोठेन येई, पोरी? टाकीले पाइपच जोडेल नही शे.”

मी टाकीमागे जाऊन पाहिलं. खरंच नव्हता. टाकी पंगतीला ताट न मिळालेल्या पाहुण्यासारखी उभी होती.

मग मी लिहिलं. पाइपाची बातमी, धुरपदाबाईंच्या तोंडून. खाली एकूण एक बायकांची नावं, तानुबाईंच्या बट्ट्यांसकट. आणि शेवटची ओळ, ‘पुरुष मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ नाना शेवटची ओळ वाचत नाहीत. आजवर गरजच पडली नव्हती. बातमी आतल्या पानावर, माझ्या नावाशिवाय छापून आली.

सकाळी कार्यालयासमोर जीप थांबली. तिच्यात जेवढे मावत नव्हते तेवढे पुरुष उतरले. नाना पांढरे पडले. “पाइपावरून आलेत. तू कपाटामागे उभी राहा.”

झिपरूभाऊंनी टेबलावर अंक आपटला. “पाइपनं जाऊ द्या, नाना. मन्हं नाव कोठे शे? नारळ मी फोडला, फीत मी कापली, हार मला. आणि पेपरात मी नुसती संख्या?”

पाइपाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

नानांनी दुसऱ्या दिवशी खुलासा छापला. सगळ्या पुरुषांची नावं, कोण काय करत होता त्यासकट. गाव शांत झालं. दुपारपर्यंत.

नवल नावाचा पोरगा नरडाण्याच्या कारखान्यात कामाला. टाकीच्या दिवशी त्याने आजी वारल्याची रजा घेतली होती. अर्जात आजीचं नाव, तानुबाई. कंपनीत दोन्ही अंक पोचले. एकात नवल मंडपात पंखे लावत होता, दुसऱ्यात स्वर्गवासी आजी बट्ट्या भाजत होती.

खुलाशात मंचावर असलेले कौतिक मास्तर हजेरीपुस्तकानुसार त्या वेळी चौथीला भागाकार शिकवत होते. आणि पंचायत समितीतून झिपरूभाऊंना विचारणा आली की फीत आपण कोणत्या अधिकारात कापली?

जीप पुन्हा आली.

“नाना, आमनं नाव काढी टाका.”

“काल तर घाला म्हणत होतात.”

“काल आम्हाले काय माहीत, पेपर लोक वाचतस.”

नानांनी घाम पुसत तिसऱ्या दिवशी छापलं, ‘सदर कार्यक्रमास एकही पुरुष उपस्थित नव्हता, फीत कोणीही कापलेली नाही.’ आणि मला म्हणाले, “तू उद्यापासून रांगोळी.”

पण हे कात्रण घेऊन धुरपदाबाई स्वतः पंचायत समितीत गेल्या. “फीत कापेल नही, म्हंजे उद्घाटन नही. उद्घाटन नही, मंग काम पुरं कसं?” साहेबांनी कात्रण दोनदा वाचलं. मग ठेकेदाराला फोन केला. आठवड्यात पाइप जोडला गेला.

रविवारी दुसरं उद्घाटन झालं. फीत धुरपदाबाईंनी कापली, चावी त्यांनीच फिरवली, आणि पाणी असं आलं की पहिल्या रांगेची आंघोळ झाली. झिपरूभाऊ मांडवामागे भाजी घोटत होते. खाली लागली, तरी सगळ्यांनी वाढून घेतली.

नाना शब्दाला जागले. सोमवारी पहिलं पान, वर ठळक अक्षरात ‘मयुरी बोरसे, साक्री’. खाली, ‘रविवारी सकाळी अकरा वाजता प्रस्तुत प्रतिनिधी स्वतः हजर होती.’ मी पाच अंक विकत घेतले. जगात माझ्याइतकी वाचली जाणारी बाई त्या सकाळी दुसरी नव्हती.

साडेनऊला जळगावहून सुलक्षणा आत्याचा फोन आला. रविवारी सकाळी अकरा वाजता तिच्या पोरीचा साखरपुडा होता.

“काय गं मयुरी, ताप उतरला का?”

“हो आत्या, आता बरंय.”

“साक्रीला उतरला वाटतं. पहिल्याच पानावर.”

फोन ठेवला. खुर्ची सरकवली. नानांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

“नाना, एक छोटासा खुलासा छापायचा होता.”