आवाजासकट माणूस

"आपला फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कृपया थोडा वेळ थांबा," फोनमधला माणूस अदबीने म्हणाला, आणि दिलगीरांच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तो माणूस ते स्वतःच होते.

फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारले होते, की ऑफिसात त्यांचे खरे नाव पगाराच्या दिवसापुरतेच उरले होते. एरवी सगळे त्यांना दिलगीरच म्हणत. त्यांच्या आवाजात लोणी आहे, असे साहेबांचे मत होते. म्हणून कंपनीने तो आवाज एकदा मशीनमध्ये भरून घेतला. मग वरच्या कुणाला तरी सुचले, की आवाज तर आपल्याकडे आहेच, आता त्याच्याभोवतीचा माणूस कशाला पोसायचा? आवाज कामावर राहिला. दिलगीर घरी आले.

आता पंखे बनवणाऱ्या एका कंपनीने त्यांना मुलाखतीला बोलावले होते. येताना अनुभवाचा दाखला आणा, असे बजावले होते. दिलगीर आधी जुन्या ऑफिसच्या फाटकावर गेले. ज्या रखवालदाराने वर्षानुवर्षे त्यांना सलाम ठोकला, तोच हात आडवा धरून म्हणाला, "आत नाही सोडता येणार, साहेब. आधी फोन करून वेळ घ्या." म्हणून आता ते फोन करत होते. आणि फोन सांगत होता, "अधिक माहितीसाठी कृपया आमच्या कार्यालयाला प्रत्यक्ष भेट द्या."

"हलकट कुठला!" दिलगीर ओरडले.

"कुणाला म्हणताय?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारले.

"मला!"

"मग चालू द्या."

हे बोलून ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि फोनचे बोलणे दोन वेळा नीट ऐकून घेतले. "आता कळलं? लग्न झाल्यापासून मी हेच ऐकतेय. नळ गळतोय म्हटलं, की तुमचं आपलं ठरलेलं, 'लवकरच लक्ष घालतो.' एवढ्या गोड आवाजात, की भांडताही येत नाही माणसाला!"

कोपऱ्यातल्या खुर्चीत सासरे बसले होते. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर लागे. "जावईबापू आज किती छान बोलताहेत," ते कौतुकाने म्हणाले.

"बाबा, ते मशीन आहे," बायको त्यांच्या कानाशी ओरडली.

"असू दे गं. माझा फोन महत्त्वाचा आहे म्हणाले. या घरात कुणी म्हटलंय का मला असं?" आणि त्यांनी फोन मागून घेऊन मांडीवर ठेवला. जावयापेक्षा जावयाचा आवाज त्यांना जास्त आवडला होता.

मुलाखतीच्या दिवशी दिलगीर दाखल्याशिवायच निघाले. ते पायीच चालले होते आणि मनाला नाही नाही ते सुचत होते. कंपनीचे खरेच काही अडलेले नाही, मग आपल्यात आवाजाखेरीज दुसरे होते तरी काय? आयुष्यभर आपण दुसऱ्याच्या चुकीबद्दल दिलगीर झालो; आपल्याबद्दल मात्र कुणी साधे 'अरेरे' म्हटले नाही. त्यांना एकदम इतका राग आला, की समोरून येणाऱ्या अनोळखी गृहस्थाने त्यांना वाट करून दिली. लगेच दिलगीर त्याला "माफ करा हं" म्हणाले आणि स्वतःवर आणखी चिडले.

मुलाखत घ्यायला दोघे होते. मधोमध एक अधिकारी बाई आणि त्यांच्या शेजारी एक काटकुळे गृहस्थ.

"नमस्कार," दिलगीर म्हणाले. "दाखला मिळायला विलंब होतो आहे, त्याबद्दल मी दिलगीर आहे."

बाईंचे पेन थांबले. "पुन्हा बोला."

"त्याबद्दल मी दिलगीर..."

"तुम्ही!" बाई उभ्याच राहिल्या. "भर उन्हाळ्यात माझा फ्रिज बंद पडला. आतल्या भाज्या सडल्या, आणि तुम्ही मला सांगत होता, थांबा!"

"मी नव्हतो हो. माझा नुसता आवाज होता."

"मग तोंड काय शेजाऱ्याचं होतं?"

"मीही थांबलोय," काटकुळे गृहस्थ पुढे सरसावले. "तुम्हाला ऐकत ऐकत मी दाढी केली, आंघोळ केली, जेवलोसुद्धा. शेवटी भरपूर शिव्या दिल्या. पोचल्या का?"

आजवर दिलगीरांनी असल्या माऱ्यापुढे मान खाली घातली होती. आज मात्र त्यांचा बांध फुटला. "मीपण थांबलोय! माझ्याच आवाजासाठी! तुमच्या भाज्या गेल्या, माझी नोकरी गेली! आणि तो तिकडे बसलाय कामावर, ना जेवायची सुट्टी, ना घरचा नळ!"

बाईंना हे खरे वाटेना. त्यांनी तिथल्या तिथे फ्रिजच्या कंपनीला फोन लावून टेबलावर ठेवला. खोलीभर लोणी पसरले. काटकुळे गृहस्थ लगेच फोनवर वाकून ओरडू लागले. दिलगीर काही सांगायला गेले, तर बाईंनी त्यांना हातानेच दटावले. "तुम्ही गप्प बसा हो. ते बोलताहेत ना!"

थोड्या वेळाने बाई खाली बसल्या. "एक सांगू? दुसऱ्या कुणासाठी मी एवढी थांबले नसते. दर वेळी वाटायचं, माणूस सज्जन दिसतोय, आता येईलच." मग दोघांत काही कुजबुज झाली, आणि बाई हसून म्हणाल्या, "पंख्यांच्या तक्रारी आमच्याकडेही फार येतात. आम्ही तुमचा आवाज घेतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पैसे रोख देऊ."

"आणि मी?"

"तुम्ही काय?"

"मी कुठे बसायचं?"

"तुम्ही बसायची गरजच नाही!" बाई ही सोय असल्यासारख्या म्हणाल्या.

दिलगीर उठले. घरी सांगायला दुसरी मुलाखत नव्हती, तरीही उठले. "बाई, आवाज सुटा मिळत नाही. घ्यायचा तर माणसासकट घ्या. एकदा थांबा म्हटलं, की नंतर कुणीतरी यावं लागतं. मी येईन. नसेल जमत तर राहू द्या."

ते दारापर्यंत पोचले.

"थांबा!" बाई म्हणाल्या.

"कृपया," काटकुळ्या गृहस्थांनी भर घातली.

ठरले ते असे, की मशीन थांबा म्हणेल आणि मग दिलगीर स्वतः फोन घेतील. महिनाभर काम पाहायचे. पण दिलगीरांविरुद्ध एक जरी तक्रार आली, तर आवाज आणि माणूस दोघांनी घरी जायचे.

पहिल्या दिवशी दिलगीर इस्त्रीचा शर्ट घालून आले. काचेपलीकडून अधिकारी बाई पाहत होत्या. मशीनचे थांबा म्हणून झाले आणि त्यांच्यापुढचा फोन वाजला.

"नमस्कार, बोला," दिलगीर म्हणाले.

पलीकडे शांतता.

"नमस्कार. मी ऐकतोय, बोला."

त्यांच्या कानात टुंई झाले. पलीकडच्या बाईंनी एक आकडा दाबला होता.

"ताई, आकडे दाबू नका. मी माणूस आहे."

"अगं ए," पलीकडच्या बाई घरात कुणाला तरी म्हणाल्या, "माणूस आहे म्हणतंय मेलं! हल्लीची मशीनं काय वाट्टेल ते बोलतात." आणि त्यांनी उरलेले आकडे एकामागून एक दाबले.

"अहो, खराखुरा माणूस आहे! पंख्याला काय झालंय ते सांगा!"

"किती उद्धट मशीन आहे! याची तक्रारच करते."

दिलगीरांचा चढलेला आवाज ऐकून काचेपलीकडे अधिकारी बाई उठून उभ्या राहिल्या. दिलगीरांनी संताप गिळला, डोळे मिटले आणि लोण्यात घोळवून म्हटले, "आपला फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कृपया थोडा वेळ थांबा."

"हं! आता कसं!" पलीकडच्या बाई निवांत झाल्या. "थांबते. कोण येणार आहे म्हणा! तोवर तुलाच सांगते बाबा. पंखा नुसता गरगरतो, वारा म्हणून लागत नाही. आणि वरून खडखड, खडखड..."

दिलगीर भराभर लिहून घेऊ लागले. दुपारी कारागीर पाठवायचे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकले. मध्येच न राहवून त्यांच्या तोंडून निघून गेले, "हो का?"

"मध्ये बोलू नकोस रे," बाई म्हणाल्या, "माणूस आला की हे सगळं मला पुन्हा सांगायचंय."