हलक्या गेमिंगची कसून तपासणी

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे येथे केशवरावांच्या घरी लॅपटॉप घेण्याची गरज उद्भवली. गरज खरी होती. त्यांची धाकटी मुलगी स्वरदा हिला नागपुरातल्या एका घरबांधणीच्या कंपनीत नकाशे काढण्याचं काम मिळालं होतं. पोळा झाला की रुजू व्हायचं, आणि लॅपटॉप स्वतःचा आणायचा, कारण काम साइटवर बसून करायचं. ही नोकरी तिला जिवापाड हवी होती. डिप्लोमा करून ती घरी बसली होती, आणि घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळं घेऊन येणाऱ्या बायकांची वर्ध्यात कधीच टंचाई नसते.

दुसरा एखादा बाप मुलीला स्कूटरवर मागे बसवून दुकानात गेला असता. पण केशवरावांची उभी हयात एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत गेली होती. कार्यालयाने शाल-श्रीफळ देऊन त्यांच्यापासून आपली सुटका करून घेतली. घरच्यांना तशी सोय नव्हती. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी नव्या संसारात मागितलेला मिक्सर रीतसर मंजूर होऊन घरात आला, तेव्हा थोरली मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती.

"प्रयोजन सांग," केशवराव म्हणाले.

"नकाशाचं काम," स्वरदा म्हणाली. खरं बोलायची सवय बापानेच लावलेली, म्हणून पुढे म्हणाली, "आन् कधीमधी थोडंसं गेम. हलकंफुलकं."

तिथेच माती खाल्ली पोरीने. केशवरावांनी चष्मा काढून पुसला.

"गेम म्हणतेस तं हे माझ्या एकट्याच्या अधिकारातलं प्रकरण नाई राह्यलं. समिती नेमा लागते."

समिती नेमली गेली. अध्यक्ष स्वतः केशवराव. व्यापारी सदस्य म्हणून सेलूचे धान्याचे व्यापारी भैय्याजी. शैक्षणिक सदस्य म्हणून शेजारचे निवृत्त मास्तर लक्ष्मणराव. तांत्रिक सदस्य म्हणून भैय्याजींचा पुतण्या गजेंद्र. हा एकदा मुंबईहून येताना लॅपटॉपवाल्या माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून आला होता, आणि एवढा अनुभव साऱ्या कॉलनीत दुसऱ्या कोणालाच नव्हता. जिला लॅपटॉप वापरायचा होता ती हितसंबंधी व्यक्ती असल्यामुळे समितीत बसू शकत नव्हती. तिने चहा द्यावा, असं ठरलं.

पहिल्या बैठकीत दुकानांची माहितीपत्रकं उघडली आणि भैय्याजींचा पारा चढला.

"हे काय लावलं बे? वजन कमी आन् भाव जास्त? आमी अर्धं पोतं तूर देऊन पुऱ्या पोत्याचे पैसे घेतले, तं लोक दुकान पेटवून देतीन."

मुद्दा बिनतोड होता. हलके लॅपटॉप फसवणूक ठरून बाद झाले. उरलेल्यांचा किलोमागे भाव काढला गेला आणि सगळ्यांत जाडजूड यंत्र सगळ्यांत स्वस्त पडलं. ते उचलून रोज बसमधून न्यायचं आहे, असं स्वरदाने ट्रे खाली ठेवता ठेवता सुचवून पाहिलं.

"उचलून घेजो, पोरी," भैय्याजी मायेने म्हणाले. "वस्तू हाताले लागली पायजे."

मग लक्ष्मणराव मास्तरांनी बॅटरी हाती घेतली. "बॅटरी दोन-अडीच घंटे चालते म्हणते. लोडशेडिंग सारी दुपार राह्यते. मंग बाकीच्या टायमात पोरीनं काय करावं?"

"साइटवर जनरेटर आहे, काका."

"समिती पिपरीची आहे, जनरेटर नागपूरचा," केशवराव म्हणाले. "तो आपल्या कक्षेत येत नाई." लोडशेडिंगला पुरून उरेल अशी बॅटरी कोणत्याच दुकानात नव्हती. म्हणून तो मुद्दा पुढील बैठकीवर ढकलण्यात आला आणि समिती मुख्य विषयाकडे वळली. हलकं गेमिंग म्हणजे नेमकं किती हलकं?

याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं. प्रत्यक्ष तपासणीशिवाय गत्यंतर नव्हतं. वर्ध्याच्या एका दुकानदाराने बिचाऱ्याने विश्वासाने एक लॅपटॉप बघायला पाठवला. गजेंद्रने त्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम चढवला. लक्ष्मणरावांनी आयुष्यभर पोरांना पत्ते खेळताना पकडून झोडपलं होतं. ते नाक मुरडत, केवळ कर्तव्यभावनेने बसले. तासाभराने त्यांनी अभिप्राय दिला, की एका शर्यतीवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय ठरेल.

तेव्हापासून समितीची बैठक रोज भरू लागली. भैय्याजी दुकान पोरांवर टाकून भरदुपारीच सेलूहून येत. "मी चाललो होतो ना पुढं, काऊन धक्का दिला?" असे तांत्रिक शेरे बैठकीच्या खोलीतून ऐकू येत. लॅपटॉप तापून बंद पडला की गेम हलका नव्हता, असा निर्णय होई, आणि अधिक हलक्या गेमसाठी दुसऱ्या दुकानातून दुसरा लॅपटॉप मागवला जाई.

"बाबा, मले एक घंटा बसू द्या ना," स्वरदा म्हणाली. "नकाशाचं सॉफ्टवेअर चालवून पाहा लागते. पोळा तोंडावर आला."

"तपासणी चालू असताना वस्तूचा वापर करता येत नाई," केशवराव स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "आन् मास्तर, वळणावर ब्रेक दाबा."

पोळा झाला. तान्हा पोळाही झाला. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली, तर समितीने त्यांना शांतता पाळायला सांगितलं. केशवरावांनी कंपनीला पत्र पाठवून मुदतवाढ मागितली: तपासणी प्रगतिपथावर असून निर्णय यथावकाश कळवण्यात येईल. कंपनीने मात्र यथावकाश वगैरे काही केलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात फोन आला, की ते काम हिंगणीच्या मयुरीला दिलं. ही मयुरी दुकानात गेली, परवडेल त्यातला बरा दिसला तो लॅपटॉप उचलला आणि बसने घरी आली. इतका बेजबाबदारपणा.

"बाबा, माझी नोकरी गेली." स्वरदा रागाने ओरडली.

"समितीने त्याची नोंद घेतली आहे," केशवराव म्हणाले.

"पोरीचं वाटोळं केलं तुमी लोकांनी," यशोदाबाई दारातून म्हणाल्या. त्यांना बोलण्याचा अधिकार नसल्याने हे इतिवृत्तात आलं नाही.

नोकरीच गेल्यामुळे प्रयोजनाचा पहिला भाग रद्द झाला आणि मोठा खर्च वाचला, याबद्दल भैय्याजींनी अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. दुसरा भाग, म्हणजे हलकं गेमिंग, कायम असल्यामुळे तपासणी चालू ठेवणं भाग होतं. समितीचा लौकिक इतका पसरला, की लोक मोबाइल, टीव्ही, पोरीसाठी संगणकवाला जावई, सगळ्याबद्दलच सल्ला विचारायला येऊ लागले. समिती कोणालाही निराश करत नाही. काही घेऊही देत नाही.

तुम्ही इथपर्यंत वाचत आलात, म्हणजे स्वरदाबद्दल तुम्हालाही वाईट वाटलं असणार. पण खरं सांगा, वाचता वाचता मनात येऊन गेलंच ना, की ते सगळं जाऊ द्या, पण एवढ्या तपासणीत शेवटी चांगला कोणता निघाला?

मग संध्याकाळी पिपरीला या. लक्ष्मणराव मुलाकडे पुण्याला गेल्यापासून शैक्षणिक सदस्याची जागा रिकामी आहे. चहाची काळजी नको, तो स्वरदा करते.