शून्य नंबरचा कप

आमचे शामराव माने शून्यापासून मोजायचे. चहा आला की पहिला कप उचलून म्हणायचे, "शून्य नंबर माझा!" दुसरा माझ्याकडं सरकवायचे, "ह्यो तुझा, एक."

साखर कारखान्याच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी, राजारामपुरीत घरंही शेजारी. ऐंशीनंतर कधीतरी ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि शामराव तो शिकून आले; शून्यापासून मोजणंही त्या यंत्राचंच. कुणाचा ऊस किती, असं यंत्राला विचारलं की उत्तरांचा ढीग यायचा. तो ढीग शामराव यंत्राच्या पोटातच डब्यात डब्या घालून ठेवायचे. मोठा डबा गावाचा, आत डबी शेतकऱ्याची, डबीत उसाचं वजन. "हातकणंगले, डबी दोन" म्हटलं की नेमकं तेवढंच बाहेर! साहेबांनी घाईत "पाटलांचा ऊस काढा" म्हटलं, तर गावोगावचे झाडून सगळे पाटील छापून पुढ्यात.

"प्रश्न नीट इचारा की सायेब! यंत्र काय करंल?" गडी कुणाच्या बापाला भ्यायचा नाही.

हे खूळ शामरावांच्या घरातही शिरलं. फळीवर डबे, डब्यांत डब्या. जिरं कुठं? फळी एक, डबा दोन, डबी शून्य. वहिनी बिचाऱ्या हसत हसत पत्ते घोकायच्या. मला त्यांची दया यायची.

दिवाळीत शामरावांची बहीण इचलकरंजीहून आली. वहिनी अंघोळीला गेल्या तेवढ्यात तिनं फळ्या घासूनपुसून डबे उंचीप्रमाणं लावून टाकले. मी फराळाला गेलो, वहिनींनी चहा केला. पहिला घोट घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. चहात मीठ!

"वैनी, दिसत न्हाय व्हय तुला?" बहीण हसली.

वहिनींचा चेहरा पडला. शामराव कप रिकामा करून म्हणाले, "न्हाय दिसत. वरीस झालं. डॉक्टरांनीबी हात टेकलं."

बहीण रडायलाच लागली. "मग सैपाकाला बाई ठेवा की!"

"माझ्या चुलीपाशी कुणी नको," वहिनी कळवळून म्हणाल्या. "डबं तेवढं जागच्या जागी ऱ्हाऊ द्या."

शामरावांनी सगळे डबे परत लावले. मग वहिनींचा हात धरून फळीवर टेकवला. "हात पडंल तिथंच शून्य. सरकायचं न्हाय. हितं साखर."

खूळ कसलं नि काय!

वहिनींनी पुन्हा चहा टाकला. शामरावांनी पहिला कप उचलला, फुंकर घातली आणि वहिनींच्या ओंजळीत दिला.

"शून्य नंबर तुझा," ते म्हणाले.